ब्रॉडबँड राउटर बनवणाऱ्या लहान उद्योगाला रॉयल्टीचे पत्र आले तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत आहोत याची खात्री होईल. जळगावच्या एमआयडीसीत तुमचे प्लास्टिक मोल्डिंगचे युनिट आहे. गेली तीन वर्षे तुम्ही फायबर ब्रॉडबँडसाठी घरात बसवायचे वाय-फायसह ओएनटी, म्हणजे फायबरचा सिग्नल घेऊन घरात इंटरनेट देणारे राउटरसारखे उपकरण, स्वतःच्या नावाने विकता. आतला बोर्ड शेन्झेनहून येतो, बाहेरचे कव्हर, अ‍ॅडॅप्टर आणि जुळणी इथली, आणि माल जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या केबल ऑपरेटरांकडे जातो. आता एका परदेशी परवाना कंपनीचे पत्र आले आहे. वाय-फायच्या मानकावर आमच्या सभासदांची पेटंटे आहेत, तेव्हा प्रत्येक नगामागे रॉयल्टी द्या, आजवरच्या विक्रीचे आकडे कळवा आणि गोपनीयतेचा करार 30 दिवसांत सही करून पाठवा, असा त्याचा आशय आहे. तुमचे म्हणणे असे की चिप नामांकित कंपनीची आहे, टीईसीचे, म्हणजे दूरसंचार उपकरणे तपासणाऱ्या सरकारी केंद्राचे, प्रमाणपत्र आहे, आयात रीतसर आहे. मग हे आणखी पैसे कशाचे, आणि पत्र बाजूला ठेवले तर काय बिघडेल?

मी पेटंट एजंट म्हणून खान्देशातल्या लहान-मध्यम कारखान्यांची कामे अनेक वर्षे करतो आणि अशी पत्रे मी बरीच हाताळली आहेत. पैसे द्यायचे की नाही, हा तुमच्यापुढचा पहिला प्रश्न नाही. कोणत्या पेटंटासाठी, कोणत्या मॉडेलवर, कोणत्या तारखेपासून, आणि तुमच्या आधीच्या साखळीत कोणी हे पैसे आधीच भरले आहेत का, या चार गोष्टी कळल्याशिवाय होकार देणे जितके चुकीचे, तितकेच गप्प बसणेही चुकीचे आहे. यांतल्या बऱ्याच गोष्टी तुमच्या कागदपत्रांवर अवलंबून आहेत आणि ती मी पाहिलेली नाहीत. म्हणून जिथे उत्तर परिस्थितीप्रमाणे बदलेल तिथे तसे स्पष्ट लिहितो.

मानक म्हणजे काय हे जळगावच्या माणसाला पाइपवरून चटकन कळते. आयएस 4985 प्रमाणे बनवलेला 63 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप कोणत्याही कारखान्याचा असो, त्या मापाच्या जोडात तो बसतो, आणि म्हणूनच यावलचा शेतकरी पाइप एकाचा आणि जोड दुसऱ्याचा घेऊ शकतो. आता अशी कल्पना करा की त्या मानकाने एक ठरावीक जोडच सक्तीचा केला आणि त्या जोडाचे पेटंट एका कंपनीकडे आहे. मग ते पेटंट न वापरता मानकाप्रमाणे पाइप बनवणे कोणालाच शक्य होणार नाही. अशा पेटंटाला मानकासाठी अत्यावश्यक पेटंट म्हणतात. आमच्या व्यवसायात त्याला एसईपी म्हणायची पद्धत आहे. ठिबकच्या ड्रिपरवर कोणाचे पेटंट असेल तर वेगळ्या रचनेचा ड्रिपर काढून वाट काढता येते. वाय-फायमध्ये ती वाट नाही, कारण ठरलेल्या रीतीने सिग्नल पाठवला नाही तर समोरचा मोबाइल तो ओळखणारच नाही.

ही अडवणूक होऊ नये म्हणून मानके ठरवणाऱ्या संस्था पेटंटधारकांकडून आधीच वचन घेतात. वाय-फायचे 802.11 हे मानक आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे आहे. ती पेटंटधारकांकडून हमीपत्र घेते. तुमच्या ओएनटीची फायबरची बाजू, म्हणजे जीपॉन, ही आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेच्या जी.984 या शिफारशींवर चालते आणि आयटीयूपुढे पेटंटधारकाला तीनपैकी एक पर्याय लेखी द्यावा लागतो: विनाशुल्क परवाना देईन, वाजवी व भेदभावरहित अटींवर देईन, किंवा देणार नाही. तिसरा पर्याय निवडला तर तो भाग मानकात ठेवता येत नाही. न्याय्य, वाजवी आणि भेदभावरहित या अटींना फ्रँड असे संक्षिप्त नाव आहे. या वचनाचे दोन अर्थ तुम्ही लक्षात ठेवावेत. एक, पेटंटधारक तुम्हाला परवाना नाकारू शकत नाही आणि मनाला येईल तो दर लावू शकत नाही. दोन, हे वचन फुकट वापराचे नाही, आणि त्याचा आधार घ्यायचा तर वाजवी दराने परवाना घेण्याची तुमची तयारी दिसली पाहिजे. विनाशुल्क वाटही जगात आहे. केबलवरच्या इंटरनेटचे डॉक्सिस हे मानक चालवणाऱ्या केबललॅब्सने त्यासाठी विनाशुल्क पेटंट समूह, म्हणजे अनेकांची पेटंटे एकत्र करून परवाना देणारी व्यवस्था, उभा केला होता. वाय-फायमध्ये मात्र तशी सरसकट व्यवस्था नाही.

टीईसीच्या प्रमाणपत्राविषयी गैरसमज फार पसरलेला आहे. त्या तपासणीत विद्युत सुरक्षा, इतर उपकरणांना होणारा अडथळा, जोडणीच्या तांत्रिक अटी अशा गोष्टी पाहतात. रेडिओच्या बाजूची डब्ल्यूपीसीची, म्हणजे दूरसंचार विभागाच्या वारंवारता पाहणाऱ्या शाखेची, मंजुरी वारंवारता आणि शक्तीपुरती असते. पेटंटाचा परवाना आहे की नाही, हे यांतले कोणीही तपासत नाही. उलट, उपकरण अमुक मानकाप्रमाणे चालते असे तुम्ही स्वतः कागदावर लिहून दिलेले असते, आणि ते समोरच्याच्या उपयोगाचे ठरते.

चिपचा मुद्दा मात्र खरोखर मोलाचा आहे आणि तुमची बाजू बरीचशी त्यावर उभी राहील. ज्याला पेटंटधारकाने अधिकार दिला आहे त्याच्याकडून वस्तू विकत घेतली, तर तीच वस्तू पुढे वापरण्या-विकण्यासाठी पुन्हा परवाना मागता येत नाही, असे तत्त्व आहे. आपल्या पेटंट कायद्यात कलम 107अ(ब) आहे. उत्पादनाचा व विक्रीचा कायदेशीर अधिकार असलेल्या व्यक्तीकडून पेटंट असलेली वस्तू आयात करणे हा भंग नव्हे, असे ते सांगते. तेव्हा चिपच्या कंपनीने या पेटंटधारकांशी करार केला असेल, तर तुम्ही निदान त्या पेटंटांपुरते मोकळे असू शकता. पण अडचण अशी की अनेक पेटंटधारक चिप बनवणाऱ्यांना मुद्दाम परवाना देत नाहीत. ते तयार उपकरणाच्या पातळीवरच देतात, कारण तिथे किंमत मोठी आणि म्हणून रॉयल्टीही मोठी. शिवाय पेटंटाचा दावा कधी चिपवर असतो, तर कधी चिप, अँटेना आणि सॉफ्टवेअर मिळून होणाऱ्या संपूर्ण उपकरणावर असतो. चिपची कंपनी नामांकित आहे एवढे म्हणून भागत नाही. बोर्डाच्या पुरवठादाराला लेखी विचारा की या चिपवर कोणाचे परवाने आहेत आणि बोर्डावर रॉयल्टी भरली आहे का. उत्तर आले तर तुमच्या हाती पुरावा येईल, आणि टाळाटाळ झाली तर तुम्ही कुठे उभे आहात तेही कळेल.

साखळीतल्या सर्वांत दुबळ्या माणसाला पत्र पाठवण्याची रीत नवी नाही. अमेरिकेत इनोव्हेशिओ नावाच्या कंपनीने वाय-फायची पेटंटे हातात घेऊन कॉफीची दुकाने आणि हॉटेले यांच्यावर दावे लावले होते. राउटर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आपल्या ग्राहकांच्या बाजूने पुढे आल्या आणि 2013 मध्ये शिकागोच्या न्यायालयाने दर ठरवला. मागणी अ‍ॅक्सेस पॉइंटमागे 3.39 डॉलरच्या आसपास होती. न्यायालयाने चिपला आधार धरून 9.56 सेंट दिले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट आणि मोटोरोला यांच्या वादात मोटोरोलाने उपकरणाच्या किमतीच्या 2.25 टक्के मागितले होते, आणि सिअ‍ॅटलच्या न्यायालयाने 802.11 च्या पेटंटांसाठी नगामागे सुमारे साडेतीन सेंट ठरवले. पहिल्या पत्रातला आकडा हा बोलणीचा आरंभ असतो, हे दिसावे म्हणून ही दोन उदाहरणे दिली. ती तुमच्या उत्तरात जशीच्या तशी वापरू नका. ती वेगळ्या पेटंटांची, वेगळ्या देशातली आणि वायफायच्या आधीच्या पिढ्यांची आहेत.

आपल्याकडे वारे वेगळे आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये एरिक्सन आणि लावा यांच्या दाव्यात लावाला 244 कोटी रुपये नुकसानभरपाई द्यायला सांगितले आणि दर चिपवर न धरता मोबाइलच्या निव्वळ विक्रीकिमतीवर, 1.05 टक्के, असा धरला. ती पेटंटे मोबाइल संपर्काची होती, वाय-फायची नव्हती, आणि त्यांतले एक पेटंट न्यायालयाने रद्दही केले. तरी भारतात चिप हाच आधार मानला जाईल अशी आशा धरून बसू नये. त्याआधी जुलै 2023 मध्ये नोकिया आणि ओप्पो यांच्या प्रकरणात, खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, जुन्या कराराखाली दिलेल्या रकमेच्या 23 टक्के, म्हणजे ओप्पोच्या जागतिक विक्रीतल्या भारताच्या हिश्श्याइतकी रक्कम, न्यायालयात भरण्याचा आदेश झाला. लहान कारखानदाराने याचा अर्थ नीट समजून घ्यावा. खटला तुम्ही शेवटी जिंकालही, पण मधल्या वर्षांत खेळते भांडवल न्यायालयात अडकून राहू शकते. मोठ्या कंपन्यांच्या बातम्या वाचून कोणी 'लढा' म्हणाले, तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

आता त्या पत्रासोबतची पेटंटांची यादी काढा. तुमचे खरे काम तिथे आहे. पेटंट हे देशापुरते असते. यादीत अमेरिकेचे आणि युरोपचे क्रमांक असतील, तर त्याच शोधाचे भारतीय पेटंट आहे का हे भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या शोधसुविधेत पाहता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत. भारतीय क्रमांक सापडला की ई-रजिस्टर उघडा: मंजूर झाले आहे की अर्जच प्रलंबित आहे, वार्षिक शुल्क भरले आहे की थकून पेटंट संपले आहे, हे तिथे दिसते. माझ्या अनुभवात या एका बैठकीत यादी बरीच लहान होते. अर्ज नुसता प्रसिद्ध झाला असेल तर मंजुरीआधी दावा लावता येत नाही. आणि अत्यावश्यक असे पेटंटधारकाने स्वतः जाहीर केले म्हणून ते तसे ठरत नाही. ती घोषणा मानकसंस्था तपासून पाहत नाही. म्हणून मानकातले कलम एका बाजूला आणि पेटंटाचा दावा दुसऱ्या बाजूला मांडलेला तक्ता मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

त्यानंतर वय पाहा. पेटंट अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे जगते. जीपॉनची मूळ शिफारस 2003 ची आहे, तेव्हा तिच्या पायाभूत भागावरची पेटंटे आज बहुतेक संपलेली असणार. वाय-फायची 802.11एन ही पिढी 2009 मध्ये, एसी 2013 मध्ये आणि वाय-फाय 6 म्हणजे एएक्स 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. एनसाठीचे बरेचसे अर्ज त्याआधीच्या काही वर्षांत झालेले, म्हणून ते आता संपलेले किंवा संपत आलेले असतात. एएक्सचे मात्र पुढच्या दशकातही जिवंत राहतील. तुमचे स्वस्त मॉडेल फक्त एनवर चालते आणि महाग मॉडेल वाय-फाय 6 वर, असे असेल, तर दोन्हींवर एकच दर लावून घेणे म्हणजे संपलेल्या पेटंटांचे पैसे भरणे होय. माझ्याकडे आलेल्या एका उद्योजकाने माझ्याकडे येण्यापूर्वी असाच एक करार केला होता. त्यात मागच्या सर्व विक्रीवर एकच दर होता आणि वाय-फाय नसलेले साधे ओएनटीसुद्धा 'उत्पादने' या एका शब्दात आले होते. सही झाल्यावर तो शब्द दुरुस्त करायला आम्हाला दीड वर्ष लागले, आणि भरलेले पैसे परत आले नाहीत.

मात्र पेटंट संपत आले आहे म्हणून वेळ काढावा, असा सल्ला कोणी दिला तर तो घेऊ नका. इंग्लंडमध्ये टीक्यू डेल्टा आणि झायझेल यांच्यात डीएसएल ब्रॉडबँडच्या पेटंटांवरून वाद झाला. मार्च 2019 मध्ये निकाल लागला तेव्हा वैध ठरलेल्या पेटंटाचे आयुष्य जेमतेम तीन-साडेतीन महिने उरले होते, तरीही न्यायालयाने मनाई हुकूम दिला, कारण झायझेलने परवाना घ्यायची तयारी दाखवली नव्हती. त्याआधी 2015 मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने हुआवेई आणि झेडटीई यांच्या प्रकरणात बोलणीचा क्रमच घालून दिला होता: धारकाने भंग कसा होतो ते कळवावे, वापरणाऱ्याने तयारी दाखवावी, धारकाने लेखी प्रस्ताव द्यावा, तो मान्य नसेल तर वापरणाऱ्याने लगेच प्रतिप्रस्ताव द्यावा आणि रकमेची हमी ठेवावी. हा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण आपली न्यायालयेही दोन्ही बाजूंचे वागणे तपासतात. मी पाहिलेल्या एका प्रकरणात कारखानदाराने 14 महिने एकाही पत्राला उत्तर दिले नव्हते. दावा लागला तेव्हा त्यासोबतचा पहिला कागद अनुत्तरित पत्रांच्या तारखांचा होता, आणि त्यापुढे त्यांचे तांत्रिक मुद्दे, जे खरोखर चांगले होते, फिके पडले.

गप्प बसण्याचा आणखी एक तोटा आपल्याच कायद्यात आहे. कलम 111 प्रमाणे, पेटंट आहे हे माहीत नव्हते आणि माहीत असण्याचे वाजवी कारणही नव्हते, असे सिद्ध करणाऱ्याकडून नुकसानभरपाई घेता येत नाही. हा बचाव तुमच्या मागच्या काळासाठी काही प्रमाणात उभा राहू शकतो. किती, ते वस्तुस्थितीवर ठरेल. पत्र हाती पडले त्या दिवसापासून मात्र, निदान त्यात नमूद पेटंटांपुरता, तो संपला. म्हणून पाकिटावरची तारीख आणि आवक नोंदवही जपून ठेवा. निराधार धमकीविरुद्ध कलम 106 खाली आपणच दावा लावू, असेही तुम्हाला कोणी सुचवेल. पेटंट अस्तित्वात आहे एवढे कळवणे ही धमकी नव्हे, असे त्याच कलमात लिहिले आहे. तेव्हा पत्राची भाषा वाचल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

दावा कुठे लागेल, यावरही बरेच अवलंबून आहे. पेटंटाचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही, आणि तुम्ही पेटंट रद्द करण्याची प्रतिमागणी केली की प्रकरण उच्च न्यायालयात जाते. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते औरंगाबाद खंडपीठ. पण अशी प्रकरणे बहुधा दिल्लीतच लावली जातात. तुमचा माल खरोखर खान्देशाबाहेर जात नसेल तर दिल्लीच्या अधिकारक्षेत्राला हरकत घेता येईल. एखाद्या ऑनलाइन दुकानावर तुमचे ओएनटी विक्रीला असतील, तर ती हरकत कमजोर होते. हे आधी तपासा, कारण अनेकांना आपला माल कोणत्या वितरकाने कुठे चढवला आहे हे ठाऊकच नसते.

या आठवड्यात पाठवायचे उत्तर एका पानाचे असावे. पत्र मिळाले, आम्ही इतरांच्या हक्कांचा आदर करतो आणि ज्या वैध, भारतात जिवंत आणि आमच्या उपकरणांना खरोखर लागू होणाऱ्या पेटंटांचा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी फ्रँड अटींवर परवान्याची चर्चा करायला तयार आहोत, त्यासाठी भारतीय पेटंटांचे क्रमांक, निदान चार-पाच पेटंटांचे तक्ते, दर कसा काढला याचे स्पष्टीकरण, आमच्याएवढ्या उद्योगांना दिलेल्या दरांची माहिती आणि चिप कंपनीशी करार आहे का याचे उत्तर द्यावे, एवढेच लिहा. त्यात भंग मान्य करणारे एकही वाक्य नको आणि विक्रीचे आकडेही नकोत. गोपनीयतेच्या कराराला सरसकट नकार देऊ नका, कारण इतरांचे दर पाहायचे तर तो लागतोच. मात्र त्यात तुमच्या पुरवठादाराला आणि वकिलाला कागद दाखवण्याची मुभा असावी, आणि पेटंटाचे सार्वजनिक तपशील गुप्त ठरवलेले नसावेत.

बोलणी पुढे गेली तर दराइतकेच बाकीच्या अटींकडे लक्ष द्या. मागच्या विक्रीची तडजोड वेगळी आणि पुढचा दर वेगळा मांडून घ्या. पेटंट संपतील तसा दर उतरेल, आणि चिप किंवा बोर्ड परवान्याचा निघाला तर तेवढे नग वगळले जातील, अशी कलमे मागा. परदेशी रॉयल्टीवर तुम्हाला कर कापून घ्यावा लागतो आणि जीएसटीही उलट आकारणीने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी तुम्हालाच, भरावा लागतो; करारात 'सर्व कर वगळून निव्वळ रक्कम' असे लिहिलेले असेल तर तो कराचा बोजा तुमच्या डोक्यावर येतो, म्हणून तो परिच्छेद सही करण्याआधी तुमच्या सीएला दाखवा. पाच-सात हजार नगांच्या धंद्यात हा फरक नफ्याएवढा असू शकतो.

शेवटी बोर्डाच्या खरेदीकडे वळा, कारण पुढचे पत्र दुसऱ्या समूहाकडून येऊ शकते. वाय-फायची सगळी पेटंटे एकाच समूहात नाहीत. पुढच्या ऑर्डरपासून करारात असे लिहून घ्या की तिसऱ्या पक्षाने पेटंटाचा दावा केला तर पुरवठादार खर्च व भरपाई सोसेल, आणि मानकाची पेटंटे त्यातून वगळली जाणार नाहीत. हे शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण छापील करारांत ती बहुधा बारीक अक्षरांत वगळलेली असतात. शेन्झेनच्या पुरवठादाराकडून भारतात वसुली करणे अवघड असते. म्हणून बिलातली काही रक्कम ठरावीक मुदतीपर्यंत रोखून ठेवण्याची अट घातली तर ते कलम प्रत्यक्षात उपयोगी पडते. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने जीपॉनचे तंत्रज्ञान भारतीय उत्पादकांना हस्तांतरित केलेले आहे, तो मार्गही तुम्ही पाहू शकता. पण तिथेही हाच परिच्छेद वाचा, कारण तंत्रज्ञान मिळाले म्हणजे इतरांच्या पेटंटांचा परवाना मिळाला असे होत नाही. पत्राची प्रत, पेटंटांची यादी, बोर्डाची शेवटची तीन बिले आणि दोन्ही मॉडेलांची तांत्रिक माहितीपत्रके एकत्र ठेवा. उत्तराचा मसुदा तिसाव्या दिवसाच्या बराच आधी तयार व्हायला हवा.